दवाखान्यातली लस आणि मुंबईतला कायदा



भात कापणीचे दिवस होते. वारणाकाठच्या एका वाडीवर मी पीक कापणी प्रयोगासाठी गेलो होतो. शेजारच्या वावरात पेंढ्या बांधताना एका बाईंच्या पायाला घोणस डसली. घरच्यांनी शहाणपण केले. मांत्रिकाकडे न जाता बाईंना सरळ जीपमध्ये घातले आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात आणले. डॉक्टर हजर, नर्सबाई हजर, सलाईन तयार. पण सर्पदंशाची लस तेवढी संपलेली! पुढच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दीड तास गेला. बाई वाचल्या, पण महिनाभर अंथरुणाला खिळल्या. त्या घरची रब्बीची पेरणी त्या साली राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी वाडीतली मंडळी डॉक्टरांवर धावून गेली. ते बिचारे मागणीचा कागद दाखवून म्हणाले, "मी मागितली आहे. वरून पैसा मंजूर झाला की येईल." तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारले, "सायेब, हे 'वर' म्हंजे नेमकं कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. खताची मात्रा मी झोपेतही सांगेन, पण हे ठाऊक नव्हते. मग चार जाणत्या लोकांना विचारून, वाचून समजून घेतले. तेच आज तुम्हाला सांगतो.

'वर' म्हणजे कुठे?

आपल्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा विषय राज्याकडे दिला आहे. गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते. केंद्र सरकारही काही योजनांतून पैसा देते. पण मोठा वाटा राज्याच्या तिजोरीतून येतो, आणि त्या तिजोरीचे नाव 'एकत्रित निधी'. या निधीला एक पक्के कुलूप आहे. विधिमंडळाने कायदा केल्याशिवाय मंत्र्यालाही त्यातला पैसा खर्चासाठी काढता येत नाही. म्हणजे दवाखान्यातल्या लशीमागे दर साली एक नवा कायदा उभा असतो. त्याला विनियोजन अधिनियम म्हणतात.

कायदा कसा होतो?

पहिली पायरी अंदाजाची. पुढच्या साली औषधे, पगार, इमारती यांना किती लागेल, याचा हिशेब आरोग्य खाते आधीच्या पावसाळ्यानंतर जुळवू लागते. अर्थ खाते त्याला कात्री लावते. मंत्रिमंडळाने मान्य केले की अर्थसंकल्प तयार होतो आणि बहुधा मार्च महिन्यात मुंबईला विधानसभेत मांडला जातो. निवडणुकीच्या साली हे पुढे-मागे होते. २०२४ साली फेब्रुवारीत अंतरिम आणि जूनमध्ये पूर्ण अर्थसंकल्प आला, तो त्यामुळेच.

दुसरी पायरी मागण्यांची. विधानसभेत २८८ आमदार. त्यांतले एक आपल्या शिराळ्याचे. प्रत्येक खात्याची मागणी त्यांच्यापुढे येते. आमदार कपात सूचना देऊन खात्याला जाब विचारू शकतात. इथे एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. सभागृह मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. पण वाढवू शकत नाही. जे मागणीत बसले नाही ते तिथे आयत्या वेळी बसवता येत नाही.

तिसरी पायरी विधेयकाची. मंजूर झालेल्या सगळ्या मागण्या एकत्र करून विनियोजन विधेयक मांडतात. हे पैशाचे विधेयक असल्याने आधी विधानसभेतच येते. मग ते ७८ सदस्यांच्या विधान परिषदेकडे जाते. परिषदेने १४ दिवसांत ते परत करायचे असते. तिने सुचवलेले विधानसभेला पटले तर घ्यावे, नाहीतर सोडावे. शेवटी राज्यपालांची संमती. पैशाचे विधेयक त्यांना फेरविचारासाठी परत धाडता येत नाही. संमती मिळाली आणि राजपत्रात छापले की तो कायदा झाला.

वेळ चुकली तर?

आपल्या शिराळ्याच्या पश्चिम भागात भाताची धूळवाफ पेरणी करतात. पाऊस यायच्या आधी, मे महिन्यात कोरड्या मातीत बी टाकायचे. पाऊस पडला की ते उगवून येते. जो पावसात बी शोधायला निघतो, त्याचे वावर मागे पडते. आरोग्याच्या मागणीचेही तसेच आहे. मार्चमध्ये ओरडून फारसा उपयोग नाही. मागणी त्याच्या आधी, कोरड्या मातीतच पेरावी लागते.

पेरणी हुकली तर दुबार पेरणीची सोय आहे. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. पण दुबार पेरणीचा भरवसा किती, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय पैसा मंजूर झाला म्हणजे लस आली असेही नाही. खरेदी वेळेवर व्हावी लागते. त्यासाठी राज्याने २०२३ साली वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा वेगळा कायदा केला. आणि ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली रक्कम त्या सालापुरती बुडते.

आपण काय करायचे?

'आपले मुंबईत कोण ऐकतो' असे म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यातील विसापूरच्या वि. स. पागे यांनी दुष्काळी माणसाला कामाचा हक्क मिळावा हा विचार मांडला. पुढे १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा होऊन त्याला पैसा मिळाला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. गावच्या अनुभवातून निघालेली गोष्ट कायद्यापर्यंत पोचली. मात्र तिच्यामागे पैशाची तरतूद होती, म्हणून ती टिकली.

तेव्हा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. साली किती जणांना साप डसला, किती वेळा लस नव्हती, हे आकड्यांनिशी ठरावात लिहा. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेला, एक आमदारांना द्या आणि पोच घ्या. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत कोण आहे ते विचारा. त्यांच्या हाती थोडा निधी असतो. मग मार्चमध्ये आमदारांना भेटून 'आमच्या ठरावाचे काय झाले' एवढेच विचारा.

आणि लस येईपर्यंत एवढे ध्यानात असू द्या. साप डसला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. माणसाला चालवू नका. पाय किंवा हात फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन लावा. निघण्याआधी दवाखान्यात लस आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

शेतकऱ्याला साप डसून तो दगावला तर घरच्यांना दोन लाखांची मदत देणारी योजना सरकारने केली आहे. ती असावीच. पण त्या बाईंच्या धाकट्या लेकीला दोन लाख नको होते, आई हवी होती. नागपंचमीला नाग पुजणारा आपला तालुका आहे. या साली दवाखान्यातल्या लशीचाही ठराव लिहू या.