कोरडी सुई

वेदना जेथे जाणवते तेथेच तिचे मूळ असावे, असे आपण सहज धरून चालतो. स्नायूंच्या बाबतीत ही समजूत पुष्कळदा फसवी ठरते. १९३८ साली लंडन येथे जॉन केलग्रेन ह्या डॉक्टरांनी निरोगी स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचून पाहिले. नितंबाच्या स्नायूत टोचले असता दुखणे पायाकडे उतरे. सुई एका जागी आणि कळ दुसऱ्या जागी, असा हा प्रकार होता.

पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल ह्यांनी (राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांच्या त्या वैद्य होत्या) अशा दुखऱ्या जागांचा चिकाटीने अभ्यास केला. मान किंवा खांदा चाचपताना कधी कधी स्नायूत ताणलेल्या दोरीसारखा पट्टा बोटास लागतो. त्यात एखादी जागा अशी असते की, ती दाबताच कळ दूरवर जाते. तिला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. उपमा चपखल आहे. असा स्नायू पुरता सैल होत नाही, त्यामुळे हात वर नेणे वा मान वळविणे अवघड होते. त्या जागी प्रोकेन हे बधिर करणारे औषध टोचल्यास आराम पडे, आणि श्रेय अर्थातच औषधाकडे जाई.

१९७९ मध्ये प्राग येथील डॉ. कारेल लेविट ह्यांनी ह्या श्रेयाचीच शंका घेतली. २४१ रोग्यांच्या ३१२ दुखऱ्या जागी औषधाविना सुई टोचल्याचा वृत्तान्त त्यांनी प्रसिद्ध केला. ८६.८ टक्के वेळा वेदना तत्काळ शमली होती. ‘कोरडी’ ह्या विशेषणाचा अर्थ एवढाच की, सुईतून काहीही आत सोडले जात नाही. मात्र पुढचे आकडे अधिक बोलके आहेत. नंतर तपासलेल्या २८८ जागांपैकी ९२ ठिकाणचा दुखरेपणा कायमचा गेला, ५८ ठिकाणी तो काही महिने, ६३ ठिकाणी काही आठवडे आणि ३२ ठिकाणी केवळ काही दिवस थांबला.

सुई ॲक्युपंक्चरचीच, बारीक व भरीव. परंतु जागा ठरते ती चिनी नाड्यांच्या आराखड्यावरून नव्हे, तर बोटाने चाचपून. नेमक्या जागी टोचताच स्नायू क्षणभर आचका देतो. गुण का येतो, ह्याविषयी तर्क अनेक आहेत, एकमत नाही.

२००१ साली ब्रिटनमधील कमिंग्ज व व्हाइट ह्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. सुईतून काय टोचले ह्याने फरक पडत नाही, हे त्यांनाही आढळले. परंतु सुईचा गुण रोग्याच्या नुसत्या विश्वासाहून अधिक आहे, हे सिद्ध होऊ शकले नाही. खोटी गोळी देता येते, खोटी सुई टोचणे तितके सोपे नाही! त्यानंतरच्या काही प्रयोगांत थोड्या काळापुरता आराम दिसला; दीर्घकाळाविषयीचा पुरावा दुबळाच आहे. म्हणूनच जाणते चिकित्सक सुईबरोबर व्यायामही सांगतात.

खांदा व छातीच्या भागात मात्र सुई खोल गेल्यास फुप्फुसास छिद्र पडून छातीच्या पोकळीत हवा शिरू शकते. असे क्वचितच घडते, परंतु उपचारानंतर छातीत दुखू लागल्यास किंवा दम लागू लागल्यास रोग्याने वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.