ट्रान्सपाँडरविरहित उड्डाण

लहान विमानाने ट्रान्सपाँडर (प्रतिसादक) या उपकरणाशिवाय गजबजलेल्या नियंत्रित हवाई क्षेत्रात अथवा त्याच्या लगत केलेले उड्डाण. जमिनीवरील दुय्यम रडार १,०३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर पृच्छा-संकेत पाठविते आणि विमानातील ट्रान्सपाँडर त्यास १,०९० मेगॅहर्ट्‌झवर उत्तर देतो. या उत्तरात चार अंकी सांकेतिक क्रमांक व, तशी सोय असल्यास, वायुदाबावरून काढलेली उंची असते. क्रमांकातील प्रत्येक अंक ० ते ७ यांपैकी असल्यामुळे एकूण ४,०९६ क्रमांक संभवतात. त्यांपैकी ७७०० हा आणीबाणीसाठी, तर ७६०० हा रेडिओ बंद पडल्यास वापरतात.

ट्रान्सपाँडर नसलेले विमान प्राथमिक रडारला केवळ परावर्तित तरंगांमुळे दिसू शकते. लाकूड व कापड यांनी बनविलेल्या विमानापासून होणारे परावर्तन क्षीण असते. शिवाय जमीन, लाटा व पाऊस यांचे प्रतिध्वनी गाळताना मंदगती विमानाचा ठिपकाही गळून जाऊ शकतो. ठिपका उमटला, तरी त्यावरून सामान्यतः अंतर व दिशा कळतात. उंची कळत नाही. खरा धोका येथेच आहे. प्रवासी विमानांतील टक्करनिवारक यंत्रणाही दुसऱ्या विमानाच्या ट्रान्सपाँडरलाच विचारणा करीत असल्याने तिच्या लेखी असे विमान अस्तित्वातच नसते.

३१ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत लॉस अँजेल्सजवळ सेरिटॉस येथे एक लहान पायपर विमान नियंत्रित क्षेत्रात शिरून डीसी-९ प्रवासी विमानावर आदळले व ८२ जण मरण पावले. पायपरमध्ये ट्रान्सपाँडर होता, पण तो उंची कळविणारा नव्हता. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांच्या परिसरात उंची कळविणारा ट्रान्सपाँडर आवश्यक ठरला. इंजिनचलित विद्युत् यंत्रणा नसलेल्या विमानांना मात्र सवलत मिळाली. भारतात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीजवळ दोन मोठी विमाने आदळून ३४९ जण ठार झाले, तेव्हा दिल्लीला दुय्यम रडार कार्यान्वित नव्हते. वैमानिकाने तोंडी कळविलेली उंची पडताळून पाहण्याचे साधन नियंत्रकापाशी नव्हते.

मुंबईत जुहूचा जुना विमानतळ मुख्य विमानतळापासून जेमतेम काही किमी.वर आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी एक जपानी डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूलाच उतरले, यावरून ही जवळीक ध्यानात यावी. जुहूहून आता मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात.

उत्तरेस सुमारे ८० किमी.वर, तारापूर अणुविद्युत् केंद्राजवळ, दांडी (जि. पालघर) हे किनाऱ्यावरील गाव आहे. मुंबईतील रडारचा आकाशक (अँटेना) समुद्रसपाटीपासून ३० मी. उंच मानल्यास पृथ्वीच्या वक्रतेमुळे दांडीवरून सुमारे २०० मी.पेक्षा खालून जाणारे विमान त्याच्या क्षितिजाआड राहते. तेथे ट्रान्सपाँडर असूनही मुंबईच्या रडारला उत्तर मिळणार नाही. जवळून जाणाऱ्या विमानातील टक्करनिवारक यंत्रणेस मात्र ते मिळू शकेल. उपकरणाचा खर्च, वजन व वीज यांविषयी लहान विमानांच्या मालकांची तक्रार अगदीच निराधार नाही. तथापि तिला उत्तर देताना हा फरक विसरून चालत नाही.

ट्रान्सपाँडर नसल्यास वैमानिकाने नियंत्रित क्षेत्रात शिरण्यापूर्वीच रेडिओवरून परवानगी घेणे आणि किनाऱ्यावरील ठळक खुणांच्या आधारे आपले स्थान व उंची कळवीत राहणे इष्ट असते. पडद्यावरील अनेक ठिपक्यांपैकी त्याचा कोणता, हे ठरविण्यासाठी नियंत्रक त्यास ठराविक दिशेने वळावयास सांगतो आणि जो ठिपका त्याप्रमाणे वळेल, तो त्याचा मानतो.