गाव करी ते राव न करी?

आपल्या म्हणींचे मोठे गमतीचे असते. एक छातीठोकपणे सांगते, ‘गाव करी ते राव न करी’. तोच दुसरी कानाशी कुजबुजते, ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती?’ आता खरे कोणाचे मानावे? हा वाद शेताच्या बांधावरचा राहिलेला नाही; तो आपल्या खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोचला आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारला मी मराठी शिकवतो. माझे विद्यार्थी फोनवर सहज ‘ज्ञान’ लिहितात. पण ज, हलन्त आणि ञ यांना एकत्र आणून पडद्यावर ‘ज्ञ’ उभा करतो कोण? बहुतेक वेळा हार्फबझ नावाचे सॉफ्टवेअर. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, सगळीकडे हाच कारागीर. हे ‘ओपन सोर्स’, म्हणजे याची कृती उघडी. कोणीही वाचावी, सुधारावी, फुकट वापरावी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. आणि या सॉफ्टवेअरचा मुख्य भार वर्षानुवर्षे वाहिला तो बहदाद एस्फहबोद या एका इराणी-कॅनेडियन तज्ज्ञाने!

मग माणसे जास्त हवीत का? लिनक्स पाहा. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केले. पुढे हजारो हात लागले. तरी त्याची बारभाई झाली नाही, कारण तिथे बारा बलुतेदार आहेत. प्रत्येक भागाला स्वतंत्र राखणदार. त्याच्या नजरेखालून गेल्याखेरीज बदल वर जात नाही.

उलट एसक्यूलाइट पाहा. तुमच्या फोनमधली माहिती नीट लावून ठेवणारे हे कोठार रिचर्ड हिप यांनी २००० साली उभारले. सांभाळणारे जेमतेम तिघे, आणि बाहेरच्यांचे हात ते सहसा लागू देत नाहीत. पण मोठ्या कंपन्या त्यांना पैसा पुरवतात, म्हणून तिघांचे बरे चालते.

आता तिसरी गोष्ट. माहिती दाबून लहान करणारे एक्सझेड हे साधन एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळत होते. ‘जिया टॅन’ नावाने कोणी मदतीला आला, दोनेक वर्षे राबला, विश्वासू झाला आणि २०२४ मध्ये त्याने आत चोरदरवाजा बसवला. मार्चअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश मिळायला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. त्याने खोदून पाहिले आणि जगावरचे संकट टळले. कृती उघडी होती, म्हणूनच त्याला पाहता आले. पण तोवर पाहत कोणीच नव्हते.

म्हणून मला वाटते, वाचकहो, डोकी मोजून उपयोग नाही. विचारावे ते एवढेच: आज राखणारा उद्या आजारी पडला, तर त्याच्या जागी कोण? वापरणारे कोट्यवधी असोत. ते गाव नव्हे, ती जत्रा. गाव होते ते कामाची वाटणी झाल्यावर. एखादे जोडाक्षर मोडके दिसले तर कळवावे, मराठी भाषांतर तपासून द्यावे, चार पैसे पाठवावेत. आपल्या ‘ज्ञ’साठी इतके करायला संगणकशास्त्र यावे लागत नाही.