पंडिता रमाबाई आणि मराठी बायबल

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याला शारदा सदन व केडगावचे मुक्ती मिशन आठवते. परंतु मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या विदुषी म्हणून त्यांची ओळख फारशी करून दिली जात नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने लेकीला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी भटकत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकण्यास इंग्लंडला गेल्या. पण कानाने कमी ऐकू येत असल्याने तो बेत राहिला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. मात्र नव्या धर्मातही त्यांनी मान तुकविली नाही. धर्माधिकारी म्हणतात म्हणून मानायचे, हे त्यांना पटेना. सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांचा हा बाणेदारपणा दिसतो. शास्त्र स्वतः वाचावे, मग ठरवावे, ही त्यांची वृत्ती होती.

या वृत्तीतूनच त्यांचे भाषांतर जन्मले. बायबलचा नवा करार १८११ मध्येच सेरामपूरहून मराठीत निघाला होता. मग नवे भाषांतर कशासाठी? आश्रमातल्या खेड्यापाड्यांतील बायकांना जड, संस्कृतप्रचुर मराठी कळत नसे. म्हणून संस्कृतच्या या पंडितेने संस्कृत शब्द बाजूला सारले आणि साधी बोली धरली. छपाईचे कामही आश्रमातल्या स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, हा मार्ग आपल्याला परका नाही. पैठणच्या नाथांनी भागवत मराठीत आणले. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईने दळणकांडण करता करता अभंग रचले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. ‘काय शिकतेस गं?’ असे आई विचारते, तेव्हा ‘तुला नाही कळायचं’ हे उत्तर सर्वांत सोपे असते. रमाबाईंनी ते उत्तर आपल्या आश्रमातल्या एकाही बाईला दिले नाही. मित्रमैत्रिणींनो, पदवी हाती घेताना आपणही एवढे ध्यानात ठेवू या.