अध्यापक विद्यालयांचा अस्त

विद्यार्थी मिळेनासे झाल्यामुळे महाराष्ट्रातील डी.एड.ची अध्यापक विद्यालये गेली काही वर्षे एकामागून एक बंद पडत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी हीच शिक्षकाची किमान अर्हता ठरविल्याने उरलेल्यांचे भवितव्यही स्पष्ट झाले आहे. ज्या विद्यालयात अध्यापकाचार्य म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली, त्यालाही कुलूप लागले. या निमित्ताने अभ्यासक्रमाविषयी पुष्कळ बोलले गेले; भावी शिक्षकाच्या वृत्तीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही, याचे शल्य वाटते.

१९३५ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले, तेव्हा श्रम आणि सहवास हेच नीतीचे शिक्षण होते. त्यानंतरच्या आयोगांच्या आणि अहवालांच्या वर्षांविषयी मला विशेष सांगण्यासारखे नाही. आमच्या उमेदवारीच्या काळापर्यंत मात्र सराव पाठाचा शिरस्ता सचोटीने पाळला जाई. टाचण तपासून झाले की वर्गात मागे बसून आम्ही पाहत असू, की छात्राध्यापक शेवटच्या बाकावरच्या मुलाला नावाने हाक मारतो काय, चुकलेल्या उत्तराची टवाळी होऊ देतो काय, आणि न येणाऱ्या प्रश्नाला ‘उद्या पाहून सांगतो’ असे निःसंकोचपणे म्हणतो काय.

पुढचे दशक मी विसरू शकत नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेत दरमहा ३,००० रुपये मानधनावर तीन वर्षे काढली की कायम नोकरी, या आशेने डी.एड.कडे रीघ लागली, आणि त्या रीघेच्या बळावर संस्थाचालकांनी मंजुऱ्या मिळविण्याचा सपाटा लावला. एका विद्यालयात बाह्य परीक्षक म्हणून गेलो असता सर्व छात्रांच्या पाठवह्या एकाच हस्ताक्षरात आढळल्या. सराव शाळेच्या मुलांनी तर त्यांतील कोणालाही पाहिले नव्हते. मी तसा स्पष्ट शेरा लिहिला, आणि त्यानंतर मला परीक्षक म्हणून कधीही बोलावणे आले नाही. देणगी मोजून प्रवेश घेतलेल्या, हजेरीपत्रकावर खोट्या सह्या करण्यास तेथेच शिकलेल्या तरुणांकडून मुलांना सत्याचे धडे मिळावेत, ही अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करीत होतो?

महाराष्ट्रातील २९१ विद्यालयांच्या मान्यतेचा वाद अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. परंतु रोग दफ्तरातील नव्हता. पुढे शिक्षक पात्रता परीक्षेतच गुण विकले गेल्याचे २०२१ च्या अखेरीस उघड झाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारण्यास आणि शिक्षकांच्या खासगी शिकवण्यांना मनाई केली. पण त्या शिकवण्या आजही राजरोस चालतात.

आता एकात्मिक बी.एड.च्या नव्या महाविद्यालयांना मान्यता देण्यासाठी जे अधिकारी येतील, त्यांना माझी विनंती आहे, की इमारतीचे क्षेत्रफळ मोजण्याअगोदर त्यांनी जवळच्या सराव शाळेत जावे आणि छात्राध्यापक खरोखर शिकवायला येतात काय, हे तेथील मुलांना विचारावे.