पेठ जुना गंज येथील कैफियत

शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 या तारखेची जी इंग्रजी कैफियत सादर केली, तिच्या अखेरीस व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, अशी त्यांनी आपली ओळख नमूद केली आहे. लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हणावयास तेव्हा सहा वर्षे बाकी होती. या स्वाक्षरीने मला वर्षानुवर्षे गुंतवून ठेवले आहे, कारण आपल्या नगरातील अडाणी रहिवाशांची जबाबदारी ज्याने खरोखर आपल्या शिरी घेतली, असा नगरपालिकेचा सभासद त्या काळी विरळाच असावा.

बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्या कैफियतीतील मागणी सर्वश्रुत असल्याने तिजविषयी येथे विस्तार करीत नाही. तिच्याइतकेच अर्थपूर्ण, पण क्वचितच उद्धृत होणारे असे एक कलम तीत आहे. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च सोसावा, परंतु त्या शाळांचा कारभार मात्र सर्वस्वी त्यांच्या हवाली करू नये, त्यावर शिक्षणखात्याची देखरेख असावी, असे तेथे सुचविलेले आहे. आणि ही तजवीज मांडणारा गृहस्थ 1876 पासून स्वतःच पुण्याच्या नगरपालिकेत बसत होता!

हा अविश्वास अनुभवातून उपजलेला होता. व्हॉइसरॉय लिटनच्या स्वागताप्रीत्यर्थ हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला असता, ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असा आग्रह धरून नियुक्त सभासदांत एकट्या जोतीरावांनी त्यास मंजुरी दिली नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे मंडईच्या भव्य इमारतीचा विषय निघाला, तेव्हाही त्यांनी आणि हरि रावजी चिपळूणकरांनी शिक्षणाची बाजू घेऊन विरोध केला. इमारत अर्थातच उठली, रे मार्केट म्हणून नावाजली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचेच नाव देण्यात आले. आपली नगरे पैसा देण्यापेक्षा नाव देण्यात अधिक उदार असतात.

हे झाले मुलांच्या शाळांविषयी. त्या काळच्या पुण्यात प्रौढांच्या ज्ञानार्जनाचीही सोय अगदीच नव्हती असे नाही. 1848 पासून नेटिव्ह जनरल लायब्ररी होती, 1875 पासून न्यायमूर्ती रानड्यांची वसंत व्याख्यानमाला होती, आणि दोहोंचे ऋण मी मानतो. तथापि ग्रंथालयात शिरावयास अक्षरओळख लागते आणि व्याख्यान ऐकावयास सवड लागते, व दिवसभर राबणाऱ्या मजुरापाशी या दोहोंपैकी एकही नसे. त्याला सवड मिळे ती दिवस मावळल्यावर, आणि म्हणूनच जोतीराव व सावित्रीबाई यांनी 1855 साली आपल्या राहत्या घरीच मजूर व शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा उघडली.

या रात्रशाळेचा विचार मनात ठेवून कैफियतीतील उच्च शिक्षणावरचा भाग वाचला, म्हणजे तो निराळ्याच प्रकाशात दिसू लागतो. खाजगी रीतीने अभ्यास केलेल्यांना मुंबई विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस बसू दिले याबद्दल तेथे कृतज्ञता व्यक्त केली असून, हीच सवलत बी. ए., एम. ए. आदी पदव्यांनाही लागू करावी, म्हणजे कितीतरी तरुण घरबसल्या अध्ययनास प्रवृत्त होतील, असा युक्तिवाद केलेला आहे. महाविद्यालयाची फी ज्यांस परवडत नाही आणि पोटाचा उद्योग ज्यांस सोडवत नाही, त्यांच्यासाठी पदवीचे द्वार उघडे ठेवावे, असाच या मागणीचा आशय मला दिसतो. प्राथमिक शिक्षणाच्या जोरदार मागणीखाली हा परिच्छेद झाकला गेला, याचे मला नेहमीच वाईट वाटते.

पोटासाठी राबणाऱ्यांच्या वेळेचा असाच विचार पुढे मुंबईत झाला. जोतीरावांना गुरुस्थानी मानणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी 1946 साली तेथे सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना कचेरी गाठता यावी म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरविण्यात आले.