लसीचा प्रभाव किती दिवस टिकतो?

लस टोचून घेतली म्हणजे रोगाची भीती किती दिवसांपुरती टळली, हा प्रश्न लसीइतकाच जुना आहे. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टराने १७९६ साली देवीच्या लसीचा आपला प्रसिद्ध प्रयोग केला. सहाच वर्षांनी, जून १८०२ मध्ये, ती लस मुंबईस पोचली. पुढे बेळगावला तर देवीची लस तयार करणारी सरकारी संस्थाच होती. एकदा लस टोचली की जन्मभराची चिंता मिटली, अशी जेन्नरची श्रद्धा होती. परंतु काही दशकांतच युरोपात निराळा अनुभव येऊ लागला. लहानपणी लस टोचलेल्या माणसांनाही प्रौढपणी देवी येत. त्यांचा जोर सौम्य असे, पण त्या येत. म्हणून पुन्हा पुन्हा देवी काढण्याची प्रथा पडली. दंडावर दोन-दोन, चार-चार वण मिरवणारी वडील माणसे आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत, ती त्या प्रथेची साक्ष होत. १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली. प्रश्न मात्र मागे उरला. लसीचा प्रभाव ओसरतो तो का, आणि किती वेगाने?

लस म्हणजे रोगजंतूची नि:सत्त्व केलेली प्रतिमा, अथवा त्याच्या विषाचे निरुपद्रवी केलेले रूप. ती शरीरात गेली म्हणजे रक्तातील विशिष्ट पेशी तिला परकी म्हणून ओळखतात व तिच्याशी नेमकी जुळणारी प्रथिने निर्माण करू लागतात. त्यांना प्रतिपिंडे असे नाव आहे. पहिल्या टोचणीनंतर आठ-दहा दिवस रक्तात विशेष काही आढळत नाही. मग प्रतिपिंडे दिसू लागतात, काही आठवडे वाढत जातात, शिखर गाठतात आणि उतरणीला लागतात. हा उतार आरंभी फार तीव्र असतो व पुढे मंद होत जातो.

हा उतार समजून घ्यावयाचा तर आपल्या ओळखीच्या विहिरीचा दाखला पुरेसा आहे. पावसाळ्यात विहीर तुडुंब भरते, उन्हाळ्यात पाणी खाली जाते. पाणी खाली गेले म्हणून विहीर आटली असे शहाणा शेतकरी म्हणत नाही. तो झरा जिवंत आहे की नाही, हे पाहतो. प्रतिपिंडांचेही तसेच आहे. रक्तात मुख्यत्वे आढळणाऱ्या जातीच्या प्रतिपिंडांचा साठा सुमारे तीन आठवड्यांत निम्मा होतो. नवी भर मुळीच पडली नाही, तर चोवीस आठवड्यांत हा साठा आठ वेळा निम्मा होऊन त्याचा २५६ वा भाग तेवढा शिल्लक राहील आणि वर्षभरात तो नाममात्र होईल. तरीही दहा-दहा, वीस-वीस वर्षांपूर्वी टोचलेल्या लसीची प्रतिपिंडे माणसाच्या रक्तात सापडतात. याचा अर्थ उघड आहे. ती जुनी साठवलेली नसून आजच्या आज तयार झालेली आहेत. कोठेतरी झरा वाहतो आहे.

तो झरा हाडांच्या पोकळीतील मज्जेत असतो. लस टोचल्यावर प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी फार मोठ्या संख्येने जन्मतात. परंतु त्यांतील बहुसंख्य अल्पायुषी असतात. त्यांचे काम काही दिवसांचे वा आठवड्यांचे. त्या मेल्या की पातळी झपाट्याने उतरते. थोड्या पेशी मात्र अस्थिमज्जेत जाऊन स्थायिक होतात आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी भर घालीत राहतात. पहिल्या काही महिन्यांतील मोठी घसरण हा लसीचा दोष नव्हे. तो शरीराचा नित्यक्रम आहे. प्रत्येक जुन्या रोगाविरुद्ध भरतीच्या वेळची पातळी सदैव राखावयाची म्हटली, तर रक्तात दुसऱ्या कशाला जागा उरली नसती.

याशिवाय शरीर आणखी एक तजवीज करते. काही पेशी प्रतिपिंडे न बनविता त्या रोगाची केवळ ओळख जपून ठेवतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. लंडनचे संशोधक अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाच्या विषावर काम करताना १९२१ साली दाखवून दिले की, पहिल्या टोचणीला मिळणारा प्रतिसाद उशिरा येतो व मंद असतो. दुसऱ्या टोचणीला तोच प्रतिसाद त्वरित येतो आणि कितीतरी जोरदार असतो. हे स्मृतीचेच कार्य. शिवाय मधल्या काळात शरीर या पेशींची निवड करीत असते. अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी टिकतात, इतर गळतात. म्हणून काही महिन्यांनंतर प्रतिपिंडे संख्येने कमी पण गुणाने सरस असतात. दोन मात्रांत अंतर ठेवण्यास डॉक्टर सांगतात, त्याचे एक कारण हे आहे.

ही स्मृती किती काळ टिकते याचे एक विलक्षण उदाहरण लसीचे नसून खऱ्या रोगाचे आहे. उत्तर अटलांटिक समुद्रातील फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची साथ आली आणि सुमारे पावणेआठ हजार वस्तीपैकी सहा हजारांच्या आसपास माणसे आजारी पडली. त्यापूर्वीची साथ १७८१ सालची. मधल्या पासष्ट वर्षांत बेटांवर गोवर आला नव्हता. पेटर पानुम या तरुण डेन्मार्ककर डॉक्टराने असे नोंदविले की, ज्या वृद्धांना १७८१ मध्ये गोवर येऊन गेला होता, त्यांना तो पुन्हा झाला नाही.

पण सर्व रोगांची व सर्व लसींची गती एकसारखी नसते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच त्या माणसांचे रक्त अनेक वर्षे तपासून पाहिले होते. सुरुवातीची घसरण संपल्यानंतर धनुर्वाताची प्रतिपिंडे निम्मी होण्यास सुमारे अकरा वर्षे व घटसर्पाची निम्मी होण्यास सुमारे एकोणीस वर्षे लागतात, असे त्यात आढळले. गोवराची तर इतकी सावकाश घटतात की माणसाचे आयुष्य त्यापुढे थोडके ठरावे. पीतज्वराच्या लसीचा दाखला दहा वर्षांनी बदलून घ्यावा लागे. २०१६ पासून तो आजन्म ग्राह्य धरला जातो. उलट डांग्या खोकल्याच्या लसीचा प्रभाव काही वर्षांतच ओसरू लागतो.

मग पातळी उतरली म्हणजे भय वाटावे की नाही? याचे उत्तर रोगाच्या चालीवर अवलंबून आहे. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत एक ते सहा महिने जातात. स्मृतिपेशींना जागे होऊन फौज उभी करण्यास काही दिवस पुरतात. म्हणून लसीला एकदा चांगला प्रतिसाद मिळालेल्या निरोगी माणसाच्या रक्तात पुढे ही प्रतिपिंडे मोजण्याइतकीही उरली नाहीत, तरी त्याचे संरक्षण सहसा कायम असते.

धनुर्वाताची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे घात करते ते जंतूचे विष. आणि ते इतक्या अल्प मात्रेत प्राणघातक ठरते की, तेवढ्याने स्मृतिपेशी पुरत्या जाग्याही होत नाहीत. धनुर्वातातून उठलेल्या माणसालाही त्या आजाराने संरक्षण मिळत नाही. त्यालाही लस टोचावीच लागते. या रोगात स्मृतीवर विसंबून चालत नाही. जखम होईल त्या क्षणी रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार असली पाहिजेत. ज्याने पूर्वी लस कधीच घेतली नाही, त्याला जखमेनंतर टोचलेली पहिली मात्रा त्या जखमेपुरती उपयोगी पडत नाही, कारण तिची प्रतिपिंडे दिसू लागेपर्यंत दिवस निघून जातात. अशा वेळी डॉक्टरांना तयार प्रतिपिंडेच टोचावी लागतात.

आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात बालपणीच्या मात्रांनंतर दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, आणि पुढे स्त्रियांना गरोदरपणी. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात व जन्मानंतरच्या पहिल्या नाजूक आठवड्यांत त्याला सांभाळतात. नवजात बालकांचा धनुर्वात, जो पूर्वी पाचवी-सटवीच्या पूजेच्या दिवसांतच घरावर घाला घाली, तो भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही असे २०१५ साली जाहीर झाले. त्यात सुरक्षित बाळंतपणाइतकाच या उसन्या प्रतिपिंडांचा वाटा आहे. हेच उसने धन गोवराच्या लसीला मात्र आडवे येते. म्हणून आपल्याकडे ती नऊ महिन्यांपूर्वी सहसा देत नाहीत आणि दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात.

परंतु पुरुषाला सोळाव्या वर्षानंतर कोणी बोलावीत नाही. शेतात, सुताराच्या कट्ट्यावर, गवंडीकामावर रोज हातापायांना जखमा होतात त्या त्यालाच. एक तर तो दर ठेचेला टोचून घेतो, ज्याची गरज नसते. नाही तर तीस-तीस वर्षे मुळीच घेत नाही, जे धोक्याचे असते. बालपणीच्या मात्रा पुऱ्या झाल्या असतील तर दर दहा वर्षांनी एक मात्रा, आणि जखम खोल किंवा मातीने भरलेली असून शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील तर आणखी एक, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे.

कोविडच्या काळात, २०२१ साली, अनेकांनी रक्त तपासून प्रतिपिंडांचा आकडा काढला आणि तो उतरलेला पाहून धास्ती घेतली. आकडा उतरला, विषाणूही रूप बदलीत गेला, आणि लस घेतलेल्यांनाही संसर्ग झाला. तथापि गंभीर आजारापासून मिळणारे संरक्षण त्या मानाने अधिक काळ टिकले, कारण स्मृतिपेशी आपले काम करीत होत्या. एकट्या आकड्यावरून स्वतःच निष्कर्ष काढणे इष्ट नाही. तो आकडा कोणत्या रोगाचा, आणि त्या रोगाची चाल कोणती, हे डॉक्टरांना विचारावे.

मुलांच्या लसीचे कार्ड आपण जपून ठेवतो. घरातील मोठ्या माणसांनीही आपापल्या शेवटच्या टोचणीची तारीख त्याच कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवावी. जखम झाल्यावर दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा कोणालाच आठवत नाही.